गुळव्याचा अंगठा

“मी कॉलेज सोडतोय, वहिनी. उद्या अर्ज लिहितो,” गोपाळनं सांगितलं आणि उसाचं कांडं सोलायला घेतलं.

पद्मजानं मांडीवरचं बाळ खांद्यावर घेतलं. चव्वेचाळीसचा जानेवारी चालू होता. या धाकट्या दिराच्या बी. एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला जेमतेम दोन महिने उरले होते. कडोलीच्या मळ्यात सासऱ्यांचं गुऱ्हाळ लागलं आणि सुट्टीला आलेल्या गोपाळचं डोकं फिरलं.

“कारण काय पण?”

“कारण ते बघा.” त्यानं चुलवाणाकडं बोट केलं.

उकळत्या काहिलीपाशी यल्लाप्पा उभा होता. तो गुळव्या. रस गुळाला कधी आला, हे ठरवणारा माणूस. त्यानं हात गार पाण्यात बुडवला, काहिलीतला पाक चिमटीत उचलला आणि परत पाण्यात धरून गोळी वळली. ती दगडावर टाकली. टण्ण वाजली.

“उतरवा!”

आठ गडी काहिलीला भिडले. पद्मजा बघतच राहिली. तो हात भाजत कसा नाही, हे तिला कळत नव्हतं.

“आमचा गूळ काळा पडत होता,” गोपाळ म्हणाला. “कॉलेजात विचारलं, तर पुस्तक बघून सांगतो म्हणाले. यल्लाप्पाअण्णानं रस जिभेवर ठेवला आणि चुन्याची निवळी घाला म्हणाला. बघा आता, सोन्यासारखा! अंगठाछाप माणूस. मग मी पदवी घेऊन काय करू?”

सासरे, भावकूआप्पा, ढेपेवर फडकं घालता घालता हसले. “अहो सूनबाई, तुमच्या बी. ए.नं तरी काय झालं? पोर शिंकलं की पुस्तक उघडतायसा!”

गडी हसले. यल्लाप्पा हसला नाही.

“वैनींचं बरोबर हाय, आप्पा. बघून केल्यालं बरं.”

पद्मजाला बरं वाटलं, आणि वाटलं त्याचीच भीती वाटली. या माणसाकडं तिचं बारीक लक्ष होतं. जेवायला बसताना तो रस्त्याकडं तोंड करून बसायचा. सडकेवर मोटार वाजली की उसात शिरायचा. बेळगावच्या बाजाराला चल म्हटलं की पोटात दुखायचं. गाव विचारलं तर आप्पांना एक सांगितलं होतं, तिला दुसरंच. हात सोन्याचा खरा, पण जेलातून पळून आलेला तर नसेल? त्यानं बाळाकडं बघून टाळी वाजवली की ती बाळाला पदराखाली घ्यायची.

तरीही दुपारी ती त्याच्याकडंच गेली. गोपाळ दुसऱ्या कुणाचं ऐकणार नव्हता.

“यल्लाप्पा, त्याला एवढी परीक्षा देऊ दे. तुम्ही सांगितलं तर ऐकेल.”

तो जाळाकडं बघत राहिला. “आमी अडाणी मानसं. आमी कशाच्या जोरावर सांगावं, वैनी?”

ती बाळाला घेऊन घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी चुलवाण पेटायच्या आधीच गोपाळ अर्ज, टाक आणि दौत घेऊन मळ्यात हजर. पद्मजा बाळाला घेऊन मागोमाग आली.

“अण्णा, साक्षीला तुझा अंगठा पायजे. माझा गुरू तूच.”

“आप्पास्नी इचारलास?”

“आप्पा न्हाय म्हणत न्हाईत. घे, हितं उठीव.”

यल्लाप्पानं हात धोतराला पुसला. कागद घेतला. बराच वेळ बघत उभा राहिला.

“अण्णा, इंग्रजीत हाय ते,” गोपाळ हसला. “किती बघशील?”

“सोडतोस हे पक्कं?”

“पक्कं. तुला कुठं लागली रं पदवी?”

यल्लाप्पानं एकदा सडकेकडं बघितलं. मग पद्मजाकडं.

“टाक दे.”

“अंगठ्याला टाक कशाला?”

त्यानं टाक दौतीत बुडवून अर्जावर आडवं काहीतरी लिहिलं आणि कागद परत केला. गोपाळच्या खांद्यावरून पद्मजानं वाचलं. वळणदार इंग्रजी अक्षर. ‘नामंजूर.’ खाली लफ्फेदार सही: जोतिबा मष्णू पाटील, एम. एस्सी., रसायनशास्त्राचे प्राध्यापक.

“बेचाळीसच्या ऑगस्टनंतर ही माझी पहिली सही,” यल्लाप्पा म्हणाला. आवाज तोच होता, भाषा वेगळी. “आता हा कागद जाळायचा की पोलिसांना द्यायचा, ते तू ठरव. परीक्षेला मात्र बस.”