कोरा रकाना

बेपत्ता माणसांच्या कचेरीत नवं रिपोर्टचं सॉफ्टवेअर बसवून जेमतेम दोन दिवस झाले होते. सकाळी दार उघडायच्या आधीच एक काका येऊन उभे होते. एका हातात मोबाइल, त्यावर बेपत्ता मुलाचा रिपोर्ट; दुसऱ्या हातात त्याचा इस्त्री केलेला शर्ट.

"पोरी, सापडल्याची तारीख आजची दाखवतंय. कुठं बसवलंय त्याला?"

कचेरीतल्या प्रोग्रामर मुलीनं लगबगीनं नोंद उघडून बघितली. डेटाबेसात त्यांच्या मुलापुढचा तो रकाना कोराच होता. पण हे दीडशहाणं सॉफ्टवेअर दिसेल त्या कोऱ्या रकान्यात बघाल त्या दिवसाची तारीख ठोकून देत होतं. तिनं काकांना खुर्ची दिली, चूक समजावून सांगितली, हात जोडले.

"आत्ता दुरुस्त करते, काका. जागा परत कोरी दिसेल."

काका शर्टाची घडी नीट करत म्हणाले, "काल बघितलं, तेव्हा कालची होती. दिवसभर दार उघडं टाकून बसलो."

तिनं दुरुस्तीसाठी कीबोर्ड पुढं ओढला, तसा काकांनी हात आडवा धरला.

"कोरी नको करूस, पोरी. पण आजची असली की संध्याकाळी घर खायला उठतं. उद्याची टाकता येते का, बघ ना."