आत्या वारली

वृंदा हुलवळेने रजेचा ऑनलाइन अर्ज उघडला. कारणाचा रकाना आता कुणी हाताने भरत नसे. मनगटावरच्या पट्टीने तिची नाडी, झोप, श्वास सगळं कळवलं आणि शीटमधल्या फॉर्म्युल्याने कारण लिहिलं: थकवा. पुढच्या रकान्यात लगेच उमटलं: नामंजूर.

ती मेंगडे साहेबांच्या टेबलापाशी गेली. फॉर्म्युला त्यांनीच लिहिला होता.

"साहेब, पूर्वी निदान आत्या तरी मारता यायची."

"मी दोन मारल्यात," मेंगडे म्हणाले. "पण ही पट्टी खोटं बोलू देत नाही. आणि नियमात रजा मयताला आहे, थकव्याला नाही."

"मग माणसाने करायचं काय?"

मेंगड्यांनी डोळे चोळले. समोरच्या शीटवर कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: थकवा. त्यांनी फॉर्म्युला उघडून एक अट घातली: कारण 'थकवा' आलं, तर 'आत्या वारली' लिहावं. मग तो शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढला.

एका क्षणात सगळ्या कचेरीच्या आत्या वारल्या आणि रजा मंजूर झाल्या. शेवटचा अर्ज मेंगड्यांचाच होता. त्यांची ही तिसरी आत्या.