डोंगरात मुरलेली जीप

“नदीतून काढलीय म्हणता? मग त्याचे दहा हजार कमी,” गुरांचे डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. गेला अर्धा तास तो अंगणात जीपच्या बॉनेटला टेकून बढाया मारत होता. छातीइतक्या पाण्यातून गाडी कशी काढली, कड्याच्या टोकावरून मागे कशी घेतली, दरड कोसळली तेव्हा एकट्यानं कशी सोडवली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याला वाटलं होतं, गिऱ्हाईक ऐकून हरखून जाईल. डॉक्टर मात्र प्रत्येक पराक्रमाचे पैसे कापत होते. कड्याचे पाच गेले, दरडीचे आठ गेले, आता नदीचे दहा.

दारात उभ्या असलेल्या बायकोला दोघांचीही किळस आली. नवऱ्याची जरा जास्तच. भाव करण्यात या माणसाला जेवणापेक्षा सुख. सख्ख्या भावाला अपघात झाला, तेव्हाही यानं रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी घासाघीस केली होती. भाऊ आत कण्हत होता आणि हा बाहेर “शंभर कमी कर की” म्हणत होता. वर ते शंभर वाचले म्हणून महिनाभर मिरवला.

आणि ही जीप. अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी तो जीप घेऊन डोंगरात जायचा, रविवारी संध्याकाळी उगवायचा. मग दारापासून न्हाणीघरापर्यंत चिखलाची ढेकळं. कपडे तीन पाण्यांतून काढले तरी पाणी गढूळच. “तुझ्या कमरेला झेपणार नाही,” म्हणून तिला कधी नेलं नाही. जीपला ती आपली सवत म्हणायची. शेजारणी हसायच्या, तीही हसायची.

तिची आई गेली तो शनिवारच होता. तिनं नवऱ्याला एकोणीस फोन केले. तो रविवारी आला आणि “दरीत रेंज नसते, एवढंही कळत नाही?” म्हणून तिच्यावरच डाफरला. त्यानंतर ती हसायची बंद झाली.

आता त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून गाडी विकायला काढली होती. “फुकट द्या, पण ही घाण दारातून जाऊ दे,” असं ती म्हणाली होती. किळस आली तरी माणूस आपलाच. जीप गेली की उरलेले शनिवार तरी दोघांचे होतील, एवढीच तिला आशा होती.

तेवढ्यात डॉक्टरांनी बरोबर आणलेला मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला.

“डॉक्टर, डोळे झाकून घ्या.”

“अरे, डोंगरात रगडलेली गाडी आहे ती.”

“कसला डोंगर? खाली एक ओरखडा नाही. कंपनीचा रंग जसाच्या तसा. चारही चाकांना जोर द्यायचा दांडा तर कधी ओढलेलाच नाही, जाम बसलाय. दगडधोंड्यातून गेलेल्या गाडीचं पोट असं नसतं.” त्यानं दारावरची चिखलाची खपली नखानं उडवली. “आणि चाकानं उडवलेला चिखल आधी खाली लागतो. हा वरून मारलाय. बादलीनं.”

बायकोनं हातातला चहाचा ट्रे कठड्यावर ठेवला.

“त्याला काय कळतंय!” नवरा कोरडं हसला. “डोंगर पालथे घातलेत मी.”

डॉक्टर व्यवहारी माणूस. “हे बघा, मला गाई-म्हशी तपासायला आडरानात फिरायचंय. मला धडधाकट गाडी हवी. डोंगरात मुरलेली असेल तर मी म्हणतो तो भाव. हा म्हणतो तशी असेल तर तुम्ही मागाल तेवढे देतो, आत्ताच्या आत्ता. पण ते तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. पुन्हा बायकोकडे पाहिलं, पण या वेळी ओझरतंच. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. रुग्णवाहिकेपाशी तो अगदी असाच दिसत होता.

खोटं बोल, तिनं मनातल्या मनात त्याला विनवलं. पैसे गेले खड्ड्यात. डोंगरच म्हण.

“मिस्त्री बरोबर बोलतोय,” नवरा म्हणाला. एकदा तोंड फुटल्यावर त्याला धीर धरवेना. “डांबर सोडून चाक खाली उतरलं असेल तर नाव बदलीन. इथून चाळीस मिनिटांचा रस्ता, तोही चौपदरी. बाकीचं मी आपलं गंमत म्हणून सांगत होतो.”

“उन्हापावसात उभी राहिली असेल की.”

“छे! दोन्ही दिवस छपराखाली. वर कापड घातलेलं.” बायको दारात उभी आहे, हे तो साफ विसरला होता. त्याला समोर फक्त भाव दिसत होता. “लेकरासारखी जपलीय, डॉक्टरसाहेब. रविवारी सकाळी मी उठायच्या आत पुसूनसुद्धा ठेवलेली असायची.”

डॉक्टरांनी खिशात हात घातला. नवऱ्याचा चेहरा उजळला. एकही हजार सुटला नव्हता.

“कुणी?” बायकोनं विचारलं.