करंट उतरवताना

डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर पुंजाराम वेल्डर अंबडच्या खोलीवर आले, खाटेवर आडवे झाले आणि डोळे मिटून थेट कामालाच लागले.

“सहादू, एकशेतीस कर. पाइप जाड हाय.”

सहादूला कारखान्यातून बोलावून आणावं लागलं. स्टेनलेसच्या पाइपावर मिस्तरी वाकायचे आणि पलीकडे मशीनपाशी उभा राहून सहादू ते सांगतील तेवढा करंट द्यायचा, अशी त्यांची जोडी.

“केला, मिस्तरी,” तो खाटेशी बसत म्हणाला.

“खोटं नको बोलू. बटणाचा आवाज नाय आला.”

सहादूनं इकडंतिकडं पाहिलं. शेवटी फळीवरचा रेडिओ मांडीवर घेतला आणि त्याचं बटण कट्‌कन फिरवलं. नामपूरच्या कांद्याचे भाव खोलीभर दणाणले.

“हां, आता कसं पाघळतंय!” मिस्तरी खूश झाले. त्यांच्या बायकोला, सुलाबाईंना, रडता रडता हसू फुटलं.

मग मिस्तरींना धाप लागली. “जोड होत आला. उतरव आता. हळू.”

सहादू बटण मागं घेत आकडे सांगत गेला. शंभर. ऐंशी. साठ. कांदा कुजबुजायला लागला. मिस्तरींची छाती हलायची थांबली.

बऱ्याच वेळानं सुलाबाई म्हणाल्या, “भावजी, बंद करा आता.”

“थांबा वहिनी,” सहादू बटण घट्ट धरून म्हणाला. “एकदम बंद केलं तर जोडाला तडा जातो.”