फळीवरची गाठ

१९३१ साली सोलापूरच्या एका शाळेत चन्नवीर मास्तर विज्ञान शिकवायचे. लांबी, रुंदी, उंचीखेरीज आणखी एक दिशा मानली, तर वीज आणि गुरुत्वाकर्षण एकाच सूत्रात बसतात, असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

वर्गात त्यांनी सुताला गाठ मारली आणि दोन्ही टोकं लाखेनं फळीला पक्की केली.

"टोक सोडवल्याशिवाय ही सुटणार नाही. ती चौथी दिशा असती, तर मात्र सुटली असती."

फळी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मधल्या सुट्टीनंतर उघडून पाहिलं, तर लाख जशीच्या तशी होती आणि सूत सरळ होतं.

शाळा सुटताच मास्तर हरखून घरी धावले. बायको अक्कम्मा उंबऱ्यावर बसली होती. तिच्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकींत अडकल्या होत्या. कुठेही तडा नव्हता.

"कधी झालं हे?"

"दुपारी. कुणीतरी हात धरला बघा."

"कुणी?"

"दिसलं न्हाय. वरनं न्हाय धरला, हाडाच्या आतनं धरला."

मास्तरांनी तिचं मनगट चाचपलं.

"आता दुखतंय का?"

"दुखत न्हाय," ती हळूच म्हणाली, "पण अजून सोडला न्हाय."