खालच्या पाइपाची गळती

खालचा पाइप पुन्हा गळायला लागला. राजशेखर बॉनेटखालून बाहेर आला, पाना फरशीवर आपटला आणि घड्याळात बघितलं. साडेबारा. काल दसरा झाला होता, पान्यांवर खंडेनवमीचं हळदी-कुंकू अजून तसंच होतं, आणि संध्याकाळच्या आत अव्वाला, म्हणजे आईला, गुलबर्ग्याला धाकट्या भावाकडे पोचवायचं होतं.

तशी वाटणीच होती. अप्पा गेले तेव्हा दोघा भावांनी पाहुण्यांसमोर ठरवलं होतं. गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत अव्वा हुमनाबादला राजशेखरकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत गुलबर्ग्याला शरणबसवकडे. चार वर्षांत एका दिवसाचाही फरक पडला नव्हता. भाऊबंद कौतुक करायचे. अव्वाला मात्र गुलबर्ग्याचं घर म्हणजे तुरुंगच. शरणबसव आणि त्याची बायको सकाळी आठलाच नोकरीवर जात, आणि सत्तरी ओलांडलेली म्हातारी तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून लावलेल्या कुलपाआड, संध्याकाळपर्यंत एकटी बसून राही. राजशेखरला हे ठाऊक होतं. गेले आठ दिवस त्यापायी त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

पण बोलायचं कुणाजवळ? भावाला सांगावं तर त्याला वाटणार, दादा आपल्या संसाराला नावं ठेवतोय. आणि बायकोला, उमादेवीला, सांगायची तर सोयच नव्हती. सहा महिने सासू-सुनेचं भाकरीच्या पिठापासून टीव्हीच्या मालिकेपर्यंत एका गोष्टीवर जमलं नव्हतं. मुलगी बेंगळुरूला शिकायला गेल्यापासून घरात तिघंच. त्यामुळे दोघींच्या मध्ये सापडायचा तो राजशेखर.

"आनखी किती येळ लागंल?" बॅटरीचा उजेड धरून उभ्या असलेल्या उमादेवीने विचारलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

"करायलोय की! कामून घाई करायलीस?" तो खेकसला.

तिने बॅटरी आणखी जवळ धरली. बघा, हिला एक दिवससुद्धा जड झालाय, असं त्याच्या मनात आलं आणि तो पुन्हा इंजिनावर वाकला.

काल पाहुण्यांकडे बन्नी, म्हणजे दसऱ्याची शमीची पानं, द्यायला जाताना गाडी तापली होती. घरी आणून बघितली तर रेडिएटरचा वरचा पाइप फुगलेला, खालचा चिरलेला, आणि मधला प्लास्टिकचा जोड तर हात लावताच तुटला. सणामुळे गॅरेजं बंद होती. उघडी असती तरी त्याने गाडी दिली नसती. गॅरेजात घातलेली गाडी आणि रुसून माहेरी गेलेली बायको कधी परत येईल याचा भरवसा नाही, असं तो चारचौघांत ऐटीत सांगायचा. म्हणून मग ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून सामान आणलं. जुने पाइप ब्लेडने कापून काढले, आतलं हिरवं पाणी टबात सोडलं, नळ्यांच्या तोंडावरचा पांढरा थर पॉलिश पेपरने घासला, साबणाचं पाणी लावून नवे पाइप चढवले. एवढं करून खालून आपलं थेंब थेंब चालूच.

उंबऱ्याजवळ अव्वा, गंगव्वा, बसून होती. सकाळी सहालाच अंघोळ, पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून तिने गाठोडं बांधलं होतं.

"राजू, मी बसनं जाते की रं. उन्हात कामून जीव काढायलास?"

"तू गप बस अव्वा."

त्याला म्हणायचं होतं, जाऊ नको. तोंडातून निघालं ते हे. स्वतःचाच त्याला इतका राग आला की दोन मिनिटं त्याला पाइप आवळायची क्लिपसुद्धा नीट दिसेना.

मग दिसली. घाईघाईत त्याने क्लिप पाइपाच्या अगदी कडेला आवळली होती, नळीचा उंचवटा सोडून. ती ढिली करून बोटभर मागे सरकवली, स्क्रू पुन्हा पिळला. रेडिएटरमध्ये कूलंट भरलं, झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली, हीटर सोडला. बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, त्याने पुन्हा भरलं. तापमानाचा काटा निम्म्यापर्यंत चढला आणि थांबला. पंखा फिरायला लागला. त्याने खाली हात घालून बघितलं. कोरडं.

एरवी त्याने मिशीवर ताव दिला असता. आज तो पाइपाकडे बघत तसाच वाकून राहिला. गाडी गळत होती तोवर निदान एक सबब तरी होती. क्लिप परत अर्धा आटा सोडावी की काय, असं मनात येऊन त्याचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेलासुद्धा. पण आज नाही तर उद्या. चार पाहुण्यांत दिलेला शब्द तो कसा मोडणार? त्याने झाकण लावलं, बॉनेट खाली पाडलं आणि हात पुसले.

"अव्वा, ऊठ. निघू."

गंगव्वा उठली, गाठोडं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. उमादेवी बॅटरी ठेवून तरातरा आत निघून गेली. निरोप द्यायलासुद्धा थांबली नाही. राजशेखरला वाटलं, आता घरात शिरून हिला चांगलं सुनवावं, काय व्हायचं ते होऊ दे.

तेवढ्यात ती बाहेर आली. हातात मोठी बॅग. ती तिने डिकीत टाकली, डिकी आपटून लावली आणि सासूला पलीकडे सरकायची खूण करून शेजारी बसली.

"तू कुटं गं?" गंगव्वा चकित झाली.

"तुमच्यासंगं. तितंबी भांडायला कुनीतरी पायजे की." मग उमादेवीने नवऱ्याकडे बघितलं. "पाडव्याला या दोघीनला आनायला."

"डोस्कं ठिकानावर हाय का तुजं?" राजशेखर गाडीच्या दारातच थबकला. "वाटनी ठरलीया आमची!"

"आईची वाटनी तुमी भावांनी केली," उमादेवी म्हणाली. "सासूची म्या न्हाई केली."