झेंड्याची गाडी

दर निवडणुकीला सत्ताधारी पक्षाची गाडी दारात यायची आणि प्रसूतिगृहातल्या निवृत्त नर्सबाई ऐटीत पुढच्या सीटवर बसून मतदानाला जायच्या. आज मात्र त्या काठी टेकत गाडीला वळसा घालून चालू लागल्या.

"मावशी, रुसलात का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गरिबांसाठी म्हणून तुमच्याच पक्षानं प्रसूतिगृह बांधलं आणि तुमच्याच सरकारनं त्याला कुलूप ठोकलं. माझं मत यंदा त्या छोट्या पक्षाला. तुमच्या गाडीत बसून ते देणं मला शोभायचं नाही."

"अहो, तो अख्खा पक्ष एका रिक्षात मावेल."

"मग मी दाटीवाटीनं बसेन."

ड्रायव्हर खाली उतरला. बॉनेटवरचा झेंडा उपसून त्यानं डिकीत टाकला आणि पुढचं दार उघडलं.

"बसा मावशी. गाडी माझी स्वतःची आहे. आणि बायकोला सातवा महिना लागलाय."